पगार अनुदानातून, निवृत्तीची देणी पालिकेच्या तिजोरीतून

बुलडाणा - जिल्ह्यात ११ नगरपालिका आणि मोताळा व संग्रामपूर या दोन नगरपंचायती आहेत. सफाई, पाणीपुरवठा, दिवाबत्ती व करवसुली ही त्यांची नित्याची कामे. ती करणारा कायम कर्मचारी शासकीय वेतनश्रेणीत असला, तरी तो शासकीय कर्मचारी नव्हे. त्याच्या पगाराच्या आणि निवृत्तिलाभांच्या तक्रारींचे मूळ याच भेदात आहे.

जकात गेली, अनुदान आले

खामगाव, मलकापूर यांसारख्या व्यापारी गावांत एकेकाळी जकात हा पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. त्यानंतर शासनाचे सहायक अनुदान हाच पगाराचा मुख्य स्रोत ठरला. अनुदान लांबले की पगार लांबतो. मात्र खरी ओढाताण होते ती निवृत्तीच्या वेळी. उपदान, रजारोखीकरण आणि अंशराशीकरण या रकमा एकदम द्याव्या लागतात. मालमत्ता कर व पाणीपट्टी एवढ्यावर भिस्त असलेल्या लहान पालिकांकडे तेवढी शिल्लक नसते. वेतन व निवृत्तिवेतन थेट कोषागारातून मिळावे, ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी त्यातूनच आली आहे.

उपदानाचा हिशेब

उपदान प्रदान कायदा १९७२ चा. १९८२ च्या केंद्रीय अधिसूचनेने तो दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या स्थानिक संस्थांना लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कानपूर महापालिकेच्या प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. हिशेबाचे मूळ सूत्र मात्र तेच आहे. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणावयाचे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ५२ हजार रुपये आणि सेवा ३० वर्षे असेल, तर उपदान ९ लाख रुपये होते. ते ३० दिवसांत देणे बंधनकारक असून, विलंब झाल्यास व्याज द्यावे लागते.

निधी नाही, हे कारण पालिका पुढे करते. परंतु ही रक्कम म्हणजे मेहेरबानी नव्हे. निवृत्तिवेतन व उपदान ही कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये झारखंडच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

२००५ ची सीमारेषा

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना १९८२ च्या नियमांनुसार निवृत्तिवेतन आहे. त्यानंतर आलेल्यांच्या वाट्याला अंशदायी योजना आली. कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात होते. पण पालिकेचा हिस्सा वेळेवर जमा झाला नाही, तर त्यावरील वाढही बुडते. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यव्यापी संप झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या धर्तीवर एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला.

कंत्राटी कामगार

कंत्राटदाराकडील सफाई कामगाराला पालिकेचे निवृत्तिवेतन नाहीच. किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी हे त्याचे हक्क. कंत्राटदाराने ते चुकविल्यास मुख्य मालक म्हणून पालिकेवर जबाबदारी येते. मुंबईतील कचरा वाहतूक श्रमिक संघाने दीर्घ न्यायालयीन लढा दिला. त्यानंतर २०१७ मध्ये २,७०० सफाई कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला.

कर्मचाऱ्यांनी काय करावे

सेवापुस्तकातील जन्मतारीख, नियुक्तीचा दिनांक, वेतननिश्चिती व शिल्लक रजा यांच्या नोंदी निवृत्तीच्या किमान दोन वर्षे आधी तपासून घ्याव्यात. वारसाचे नामनिर्देशन अद्ययावत ठेवावे. उपदानाचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. मुदतीत रक्कम न मिळाल्यास कामगार विभागातील सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. वसुलीची कारवाई जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होऊ शकते. तीस वर्षे गाव स्वच्छ ठेवणाऱ्याला हक्काच्या पैशासाठी पालिकेचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, यासाठी कायद्यात तरतूद आहे. गरज आहे ती अंदाजपत्रकातही तशीच तरतूद करण्याची.