गिअरच्या दांड्याची गोष्ट

वेगवान मोटार घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थापुढें हल्लीं एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. गाडी घ्यावयाची ती हातानें गिअर बदलावयाची, कीं आपोआप गिअर बदलणारी? नित्याच्या वापरांतील साध्या गाडीपुरतें या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. पुण्यामुंबईच्या रहदारींत ज्याला रोज तासभर क्लच दाबावा लागतो, त्याला त्याच्या डाव्या गुडघ्यानें तें केव्हांच देऊन टाकलेलें असतें. परंतु जी गाडी मुख्यतः चालविण्याच्या आनंदासाठीं घेतली जाते, तिचा विषय निघाला कीं एरवीं शांत असणारे लोकही हातघाईवर येतात. एक पक्ष म्हणतो, जिला दांडा नाहीं ती स्पोर्ट्स कारच नव्हे. दुसरा पक्ष घड्याळ पुढें करतो. आम्ही पेशानें इतिहासाचे अध्यापक. यंत्रविद्येंत आमचा अधिकार नाहीं. तथापि दोन्ही पक्ष या वादांत इतिहासाची साक्ष काढतात, आणि ती साक्ष त्यांना वाटते तितकी अनुकूल नाहीं असें आमचें मत झाल्यामुळें चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

गिअर मुळांत लागतो तरी कां, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनाचा एक जन्मजात दोष आहे. तें मंद फिरत असतां दुर्बल असतें, आणि फारच मंद झालें तर बंद पडतें. बैल उभ्या जागेवरून भरलेली गाडी ओढतो, वाफेचें एंजिनही ओढतें. पेट्रोलच्या एंजिनाला तें साधत नाहीं. म्हणून एंजिन वेगानें फिरतें ठेवून चाकें मात्र सावकाश फिरवील, व गाडीनें वेग घेतला म्हणजे तें प्रमाण बदलील, अशी दांतेरी चाकांची एक पेटी मध्यें घालावी लागते. पेटींतील प्रमाण बदलतांना एंजिन क्षणभर सुटें करण्यासाठीं क्लच लागतो. दांडा आणि क्लच यांच्या मागें एवढेंच तत्त्व आहे. त्यांत हौसेचा भाग कांहीं नव्हता.

या पेटीला जें रूप पुढें रूढ झालें तें पॅरिसच्या पानार-लव्हासोर कारखान्यांत १८९१ च्या सुमारास आकारास आलें. एंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें पेटी, आणि मागच्या चाकांना गति, ही मांडणी एमील लव्हासोर यांची. पेटींतील चाकें दांड्यानें सरकवून एकमेकांत घुसवावयाचीं, आणि तींही फिरतीं असतां! दांत कराकरा वाजत, प्रसंगीं तुटतही. ही रीत रांगडी आहे खरी, पण काम भागतें, अशा अर्थाचे उद्गार खुद्द लव्हासोर यांच्याच नांवावर सांगितले जातात. असल्या गाडीवर त्यांनीं १८९५ सालीं पॅरिसहून बोर्डोस जाऊन परत येण्याचें सुमारें ११७८ किलोमीटर अंतर ४८ तास ४८ मिनिटांत, जवळजवळ अखंड स्वतः सुकाणू धरून, काटलें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्या दांड्याला आज कांहीं लोक देव्हाऱ्यांत बसवूं पाहतात, त्याच्या जनकाची त्याच्याविषयींची भावना अशी निभावून नेण्याची होती.

या रांगड्या यंत्राला माणसाळविण्यासाठीं चालकांनीं जी कला बसविली ती मात्र खरोखर कौतुकास्पद होती. खालचा गिअर घ्यावयाचा असतां क्लच दाबून दांडा मधल्या रिकाम्या जागीं आणावयाचा. क्लच सोडून एंजिनाला किंचित् हूल देऊन त्याचा वेग वाढवावयाचा. पुन्हा क्लच दाबून दांडा पुढें ढकलावयाचा. आणि हें सर्व सेकंदभरांत, केवळ कानानें वेगाचा अंदाज घेऊन. अंदाज बरोबर असेल तर दांडा लोण्यांत सुरी जावी तसा जाई. चुकला तर साऱ्या रस्त्याला कळे. हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालच्या आपल्या 'टी' गाडींत ही कटकटच टाळली. तिचे दोन गिअर पायांनीं दाबून बदलत, आणि सरकत्या चाकांचा प्रश्नच तींत नव्हता. अशा दीड कोटी गाड्या खपल्या, यावरून सामान्य माणसास दांड्याचें प्रेम कितपत होतें तें दिसतें.

पुढील इतिहास म्हणजे या कलेची गरज नाहींशी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें अर्ल टॉम्प्सन यांची योजना आपल्या गाड्यांत घातली. एकमेकांत अडकण्यापूर्वीं चाकांचे वेग तींत घर्षणानें आपोआप जुळत. त्यामुळें दांड्याचा खडखडाट थांबला. याच टॉम्प्सन यांच्या नेतृत्वाखालीं पुढें जी पेटी सिद्ध झाली, तिनें क्लचचें पाऊलच काढून टाकलें. तिचें नांव हायड्रा-मॅटिक. ती १९३९ सालीं ओल्ड्समोबिल गाड्यांत आली. एंजिन व पेटी यांमधील दुवा येथें तेलाचा होता. जहाजांसाठीं जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉटिंगर यांनीं १९०५ सालीं शोधलेलें तत्त्व असें मोटारींत शिरलें. दांडा सुकर करणारा आणि दांडा अनावश्यक करणारा पुरुष एकच असावा, ही गोष्ट आम्हांस मोठी बोलकी वाटते.

शर्यतींत भाग घेणारे तरी दांड्याशीं एकनिष्ठ होते काय? मुळींच नाहीं. पहिल्या महायुद्धांतील रणगाड्यांच्या निर्मात्यांपैकीं एक, वॉल्टर विल्सन, यांनीं अशी पेटी काढली कीं पुढचा गिअर आधींच निवडून ठेवावा आणि वेळ येतांच पायानें एक दाब द्यावा. ती पेटी असलेल्या एम. जी. गाडीवर इटलीच्या नुव्होलारी यांनीं १९३३ सालीं अल्स्टरमधील टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत मारली. पुढें टेक्सासचे जिम हॉल यांनीं आपल्या चॅपरल गाडींत तेलाचा दुवा बसविला. गिअर हातानेंच निवडावयाचा, पण क्लचचें पाऊल नाहीं. पंडितांनीं नाकें मुरडलीं असतील. पण १९६५ सालीं धोधो पावसांत सेब्रिंगची बारा तासांची शर्यत हॉल व त्यांचे सहकारी हॅप शार्प यांनीं याच गाडीवर जिंकली, आणि पुढच्या वर्षीं तिची भावंड न्यूरबुर्गरिंगला हजार किलोमीटरच्या शर्यतींत पहिली आली. पुढच्या एका चॅपरल गाडींत तर मोकळ्या झालेल्या डाव्या पायाला मागचा मोठा पंख हलविण्याचें नवें काम मिळालें!

मग दांडा म्हणजे मर्दुमकी, हें समीकरण आलें कोठून? आमच्या समजुतीप्रमाणें तें अमेरिकेंत, दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलें, आणि तेंही एका साध्या कारणानें. तेथें घरोघरच्या गाड्या स्वयंचलित होऊं लागल्या होत्या. अशा वेळीं इंग्लंडहून एम. जी. व जग्वार यांच्या चपळ उघड्या गाड्या आल्या. त्यांना दांडा होता, कारण इंग्लंडांत बहुतेक साऱ्याच गाड्यांना तो असे. इंग्लंडांतील टपालाच्या गाडीला जो दांडा होता तो कोणास वीरश्रीचा वाटला नाहीं. अमेरिकनाच्या घरून मात्र तो गेला होता, म्हणून त्याला त्यांत शौर्य दिसलें. सर्वांपाशीं आहे तोंवर ती वस्तु असते. थोड्यांपाशीं उरली कीं तिचें बिरुद होतें.

याचा पुरावा शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट गाडींत सांपडतो. न्यू यॉर्कमध्यें १९५३ च्या जानेवारींत ती प्रथम लोकांस दाखविण्यांत आली. त्या वर्षीं अवघ्या ३०० गाड्या बनल्या, आणि अमेरिकेची ही नामांकित स्पोर्ट्स कार त्या वर्षीं एकाही गिऱ्हाइकास दांड्याची मिळाली नाहीं. दीडशें अश्वशक्तीच्या एंजिनाला साजेशी हाताची पेटी कंपनीपाशीं तयार नव्हती असें सांगतात; म्हणून दोनच गिअरांची स्वयंचलित 'पॉवरग्लाइड' पेटी तिच्या गळ्यांत बांधण्यांत आली. रसिकांनीं तोंडें वांकडीं केलीं. १९५४ सालीं ३६४० गाड्या बनल्या, त्यांतल्या पुष्कळ पडून राहिल्या; १९५५ सालीं अवघ्या ७०० बनविल्या. त्या वर्षीं आठ नळकांड्यांचें जोरदार एंजिन आलें, पाठोपाठ तीन गिअरांचा दांडा आला, १९५७ सालीं चार गिअरांचा; आणि गाडी तरली. न्याय बोलावयाचा तर त्या काळीं रसिकांचा पक्ष खरा होता. तेलाच्या दुव्यांत शक्तीची गळती होई, दोन गिअरांत घाट नीट चढवत नसे, पेट्रोल अधिक जळे. जाणत्या हातांतला दांडा त्या वेळीं निःसंशय सरस होता.

हें सरसपण जाण्याचा मुहूर्त ठाऊक आहे. २६ मार्च १९८९ रोजीं ब्राझीलमध्यें रिओच्या शर्यतींत नायजेल मॅन्सेल यांची फेरारी पहिली आली. सुकाणूच्या मागें दोन पट्ट्या होत्या. एक ओढली कीं वरचा गिअर, दुसरी ओढली कीं खालचा. बाकी काम विजेनें व तेलाच्या दाबानें होई. ही रचना करणारे जॉन बार्नार्ड यांना दांड्याच्या जागेचीही अडचण होत होती. दांडा गेला कीं चालकाची कोठडी अरुंद करतां येते, आणि अरुंद गाडी वारा सहज कापते. ती गाडी अर्ध्या शर्यतींत टिकेल असाही भरंवसा पथकाला नव्हता, आणि त्या मोसमांत ती पुष्कळदां मध्येंच बंद पडली. पण जिंकली तेव्हां साऱ्यांचे डोळे उघडले. चुकीचा गिअर पडून एंजिन फुटण्याचें भय नाहीं, आणि दोन्ही हात सुकाणूवर. सहासात वर्षांतच ग्रां प्रीच्या मैदानांतून दांडा नाहींसा झाला. त्यानंतर दोन क्लचांची पेटी आली, जींत एक गिअर चालूं असतांच पुढचा सज्ज असतो. ती २००३ सालीं फोक्सवॅगन गोल्फच्या एका जोरदार आवृत्तींत बाजारांत उतरली. माणसाचा हात दांड्यापर्यंत पोंचण्याच्या आंत ही पेटी काम उरकते. घड्याळाचा वाद येथें संपला.

आणि घड्याळाचा वाद संपल्यावरच दुसरा वाद खरा पेटला, ही मौज आहे. पोर्शे कंपनीनें २०१३ सालीं आपली शर्यतीच्या धाटणीची 'जीटी ३' गाडी केवळ दोन क्लचांच्या पेटीसह आणली. गाडी पूर्वीपेक्षां वेगवान. तरी जुने भक्त रुसले. २०१६ सालीं त्याच कंपनीनें सहा गिअरांचा दांडा असलेल्या '९११ आर' नांवाच्या ९९१ गाड्या काढल्या, तेव्हां त्यांच्यावर अशी झोंबी झाली कीं त्या मूळ किमतीच्या कितीतरी पटींनीं पुन्हा विकल्या जाऊं लागल्या. दुसऱ्या वर्षीं 'जीटी ३'लाही दांडा परत मिळाला. हळू गाडीसाठीं लोकांनीं जास्त पैसे मोजले! याला नुसतें वेड म्हणून हंसणें सोपें आहे. पण आम्हांस तसें वाटत नाहीं. दांड्याच्या गाडींत चालकाचें चित्त गाडीपासून क्षणभरही ढळूं शकत नाहीं. वळण येण्यापूर्वीं त्याला तें मनांत घ्यावें लागतें, एंजिनाचा आवाज ऐकावा लागतो, आणि चूक झाली तर ती स्वतःचीच असते. 'दांड्यामुळें गाडी अधिक ताब्यांत राहते' हें जें त्या पक्षाचें आवडतें विधान, तें आज खरें नाहीं. यंत्राचा ताबा अधिक अचूक असतो. त्यांना हवें असतें तें कामांतलें सहभागीपण, आणि तें मागण्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र ज्याला रोज गर्दींतून जावयाचें आहे त्यानें या सुखाचा हिशेब प्रामाणिकपणें मांडावा. रविवारच्या एका घाटासाठीं सहा दिवसांचा क्लच पतकरणें कोणास परवडतें, हें ज्याचें त्यानें पाहावें.

आपल्याकडे हा क्रम कांहींसा उलटा घडला. येथें साध्या गाड्या बहुधा साऱ्या दांड्याच्याच असतां, चाकणच्या कारखान्यांतून २०१३ सालीं निघालेली फोक्सवॅगनची चलाख 'पोलो जीटी टीएसआय' मात्र केवळ दोन क्लचांच्या स्वयंचलित पेटीसह विकली गेली. पुढच्याच वर्षीं मारुतीच्या 'सेलेरिओ'नें स्वस्त स्वयंचलित पेटी मध्यमवर्गाच्या दारांत आणली. आणि स्वयंचलित गाडी घरोघर दिसूं लागल्यावर येथेंही दांड्याचे भक्त उत्पन्न झाले. चाकणच्याच 'व्हर्टस' गाडीचें जोरदार एंजिन २०२२ सालीं फक्त स्वयंचलित पेटीसह आलें होतें, त्याला २०२३ सालीं दांडा जोडण्यांत आला. अमेरिकेंत १९५३ नंतर जें घडलें तेंच.

खुद्द कॉर्व्हेटची गत काय झाली? १८ जुलै २०१९ रोजीं तिची आठवी पिढी लोकांपुढें आली. एंजिन आतां चालकाच्या पाठीमागें होतें, गिअर आठ, क्लच दोन, आणि दांडा नाहीं. मागणी घटली होती, आणि दांड्याची जोडणी मागें न्यावयाची तर गाडीच्या कण्यालाच भोंक पाडावें लागलें असतें, अशीं कारणें देण्यांत आलीं. नाखुषीनें स्वयंचलित जन्मलेली गाडी सहासष्ट वर्षांनीं राजीखुषीनें स्वयंचलित झाली, आणि या वेळीं ती पडून राहिली नाहीं.

विजेच्या मोटारीला तर गिअरची गरजच नाहीं. तिचें यंत्र बैलाप्रमाणें उभ्या जागेवरून ओढतें. तरीही ह्युंडाई कंपनीनें २०२३ सालीं दाखविलेल्या 'आयोनिक ५ एन' या विजेच्या गाडींत सुकाणूमागें दोन पट्ट्या आहेत. त्या ओढल्या असतां नसलेले आठ गिअर बदलतात. ध्वनिक्षेपकांतून एंजिनासारखा आवाज येतो, आणि प्रत्येक बदलाच्या वेळीं यंत्र क्षणभर शक्ति रोखून चालकाला एक हिसका देतें. तो हिसका नको असेल तर एक बटण दाबून बंद करतां येतो.