लोहगावचं विमान, परक्या रंगात

मोबाईलवर डोकं खुपसून बसलेल्या पोरांना आपण सगळेच बोलतो. पण गेमच्या जगातला एक कोपरा असा आहे, जिथे काही माणसं रात्र रात्र जागून इतिहासाचं काम करतायत. पगार नाही, पुस्तकावर नाव नाही, सत्कार नाही. आज त्यांच्याबद्दल लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या पुण्यापर्यंत येतो.

लढाऊ विमानांचे 'सिम्युलेटर' असतात. 'आयएल-२ श्टुर्मोविक' २००१ मध्ये आला, त्यानंतर 'डीसीएस'सारखे आले. यात नुसतं बटण दाबून गोळ्या झाडायच्या नसतात. इंजिन किती तापलं, इंधन किती उरलं, वारा कुठून येतोय, सगळं बघावं लागतं. अशा सिम्युलेटरमधल्या विमानाच्या अंगावर जो रंग, जे आकडे, जी चिन्हं दिसतात, त्याला 'स्किन' म्हणतात. सोप्या भाषेत, विमानाचा अंगरखा. शिंपी कापड कापतो तसं विमानाचं अंग उलगडून एका सपाट चौकोनी चित्रावर मांडलेलं असतं. पंख इकडे, शेपटी तिकडे, पोट खाली. त्या चित्रावर रंग भरले की संगणक ते विमानावर चढवतो. जुन्या आयएल-२ मध्ये हे चित्र १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचं आणि फक्त २५६ रंगांचं असायचं. आता चित्रं त्याच्या कितीतरी पट मोठी झालीत. एकेक रिव्हेट, इंजिनामागे ओघळलेलं तेल, धुराची काजळी, सगळं दाखवता येतं.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठला? रंगकाम तर आहे.

इथेच गंमत आहे. लढाईतल्या विमानाचा रंग शोभेचा नसतो. दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्या बाजूची.

पहिलं. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हाच्या मधोमध लाल ठिपका असायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो काढून टाकला. कारण जपानी विमानांवर लाल सूर्य. घाईत आपल्याच माणसाने आपल्याच विमानावर गोळी झाडायची! म्हणून या आघाडीवर गडद निळा आणि फिकट निळा असा गोल आला. हिंदुस्थानी हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वॉड्रन तिथे 'व्हेंजन्स' बॉम्बर उडवत होत्या. ब्रह्मदेशातलं त्यांचं विमान कुणी लाल ठिपक्यासकट रंगवलं, तर तो इतिहास चुकला.

दुसरं. 'मॉस्किटो' नावाचं बॉम्बर लाकडाचं होतं. प्लायवूड आणि डिंकावर जोडलेलं. १९४४ च्या अखेरीस आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत या विमानांचे सांधे सुटल्याच्या घटना घडल्या, माणसं गेली, काही काळ उड्डाणं थांबवावी लागली. चौकशीत जोडकामातले दोष निघाले. पुढे ऊन परतवायला इथल्या मॉस्किटोंना चंदेरी रंग दिला गेला. म्हणजे चंदेरी रंगामागे मेलेली माणसं आहेत. स्किन करणाऱ्याला हे ठाऊक असावं लागतं.

बरं, ठाऊक कसं करून घ्यायचं? फोटो काळे-पांढरे. त्यातही फसवाफसवी. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल-पिवळे रंग काळपट दाखवते आणि निळा फिका. फोटोत काळपट दिसलं म्हणून ते काळंच होतं, असं नाही. मग एकाच विमानाचे चार फोटो शोधायचे, शेपटीवरचा नंबर वाचायचा, तो कुठल्या स्क्वॉड्रनकडे कधी होता ते नोंदींशी ताडून बघायचं. आम्ही बातमीसाठी दोन बाजू तपासतो ना, तेच काम. फरक एवढाच की आमच्यातले पुष्कळजण हल्ली तेही करत नाहीत.

आता पुण्याकडे येतो.

'बी-२४ लिबरेटर' हे चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर. पंखांची रुंदी ११० फूट, शेपट्या दोन. १८,००० हून जास्त बनली. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांकडची बरीच लिबरेटर कानपूरला उभी होती. अमेरिकेशी झालेल्या करारानुसार ती एकतर परत करायची, नाहीतर निकामी करायची. त्यांनी निकामी केली. इंजिनं बिघडवली, आतली उपकरणं फोडली, आणि मैदानात सोडून गेले.

१९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी हा भंगाराचा ढीग पाहिला आणि ठरवलं, ही उडतील. एकाचा पंख दुसऱ्याला, दुसऱ्याचं चाक तिसऱ्याला, असं करत ती उभी केली. जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती डागडुजी केलेली विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे नीट दुरुस्ती झाली. १९४८ च्या नोव्हेंबरात पहिली विमानं हवाई दलात दाखल. अशी चाळीसहून जास्त! दुसऱ्याने मोडून टाकलेल्या मालातून नव्या देशाने आपलं जड बॉम्बर दल उभं केलं. शाळेच्या पुस्तकात हे किती जणांनी वाचलंय?

पुढे ही विमानं पुण्यात लोहगावला ६ नंबरच्या स्क्वॉड्रनकडे होती. काम समुद्रावर पहारा ठेवण्याचं. १९६८ पर्यंत ती वापरात होती. बाकी जगाने लिबरेटर कधीच मोडीत काढलं होतं. म्हणूनच जगातल्या संग्रहालयांना लिबरेटर हवं झालं, तेव्हा सगळे भारताच्या दारात आले.

एचई-८७७ या नंबरचं विमान १९६९ मध्ये पुण्याहून थेट अमेरिकेत अॅरिझोनाला उडवत नेलं. आज ते तिथल्या पिमा संग्रहालयात आहे. अंगावर नाव काय? 'बंगे बकारू'. बंगे हे इंग्लंडमधलं गाव, तिथे अमेरिकन बॉम्बर गट होता, त्याचा हा वेश. भारतातूनच गेलेलं दुसरं एक लिबरेटर अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने दुरुस्त करून पुन्हा उडवलं. त्यावर आधी 'ऑल अमेरिकन', मग 'ड्रॅगन अँड हिज टेल', मग 'विचक्राफ्ट' अशी नावं रंगवली गेली. नावं त्यांच्या युद्धातल्या बॉम्बरांची. त्यांनी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या माणसांची आठवण त्यांनी ठेवली. पैसा त्यांचा, रंग त्यांचा. पण त्या रंगाखाली जी भारतातली वीस वर्षं होती, ती दिसेनाशी झाली. सगळं पुसलं गेलं असंही नाही. दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक लिबरेटर आपल्या खुणांसह उभं आहे. पण लोहगावच्या शेजारी राहणाऱ्या किती पुणेकरांना ते माहीत आहे?

स्किनचं मोल मला इथे कळतं. खऱ्या विमानाला एका वेळी एकच रंग देता येतो. संगणकावर तसं नाही. तिथे बंगे बकारूही राहील आणि लोहगावचं एचई-८७७ पण राहील. उघड्या धातूचं चंदेरी अंग, बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा असा गोल. स्वातंत्र्यानंतर काही काळ या गोलाच्या जागी अशोकचक्र होतं. म्हणजे गोल बघून विमानाचं साल ओळखता येतं. जुन्या आयएल-२ मध्ये लिबरेटर आहे. खेळाडूला ते स्वतः उडवता येत नाही, संगणक उडवतो, पण रंगवता मात्र येतं.

आपल्याकडची पोरं दिवाळीत मातीचा किल्ला करतात. बुरूज कुठे, तळं कुठे, चोरदरवाजा कुठे, यावरून भांडतात आणि त्या भांडणातच रायगड-राजगड पाठ होतो. हे तसंच आहे. हाताने करून बघितलं की इतिहास डोक्यात बसतो.

म्हणून एक विनंती. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी लोक हवाई दलात, लोहगावच्या वर्कशॉपमध्ये, बंगळूरच्या कारखान्यात होते. त्यांचे फोटो ट्रंकांमध्ये पडलेत. विमानासमोर उभे आजोबा, मागे शेपटीवर अर्धवट नंबर. घर रंगवायला काढलं की हे आल्बम रद्दीत जातात. कृपा करून देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. समोरून आणि मागून स्कॅन करा. आणि हो, मोबाईलच्या अॅपवर टाकून रंगीत करू नका, केलाच तर मूळ फोटो वेगळा जपा. ते अॅप रंग अंदाजाने भरतं, आणि उद्या तोच अंदाज पुरावा म्हणून फिरतो.

घरात कुणी वायुसेनेतले आजोबा असतील तर त्यांना एकच विचारा, "तुमचं विमान कुठल्या रंगाचं होतं?" सांगतील ते लिहून घ्या. आपण लिहून ठेवलं नाही, तर उद्या दुसरं कुणी त्यावर त्यांचा रंग चढवेल. मग तक्रार कुणाकडे करणार?

कुणाकडे असे फोटो असतील तर खाली कॉमेंटमध्ये सांगा.