हत्ती, डुक्कर आणि एक रुपया

काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मी चांदीचा एक रुपया घेतला. साल १९११. "साहेब, हा डुकराचा रुपया आहे," विक्रेता म्हणाला. मी चौपट पैसे मोजले.

या नावामागची हकिकत अशी. पंचम जॉर्जच्या छापाचे पहिले रुपये १९११ मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत पडले. राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड आणि शेपटी इतकी आखूड झाली, की लोकांना तो डुक्कर वाटला. आम्हा मुसलमानांना डुक्कर निषिद्ध. असा रुपया खिशात बाळगायचा कसा? त्यात त्याच रुपयाच्या मागच्या बाजूला फारसी लिपीत 'यक रुपया' असेही लिहिलेले! ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले होते. उरलेले सरकारने आटवले. १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड मिळाली.

नाण्यांतल्या चुका ओळखताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चूक ठशातच असेल, तर ती त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर येते. हत्तीची चूक या जातीची. नाणे पाडताना चूक झाली, तर ती एखाद्‌दुसऱ्याच नाण्यावर दिसते. उदाहरणार्थ, पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्याच्या एका बाजूवर त्याचीच छाप उलटी आणि खोलगट उमटते. पण टांकसाळीतून बाहेर पडल्यावर नाणे घासले, ठेचले, खरवडले गेले, तर ती चूक नव्हे, ती जखम.

घरी येऊन मी भिंग लावले. माझ्या हत्तीची सोंड चांगली लांब होती! म्हणजे रुपया १९१२ चा. शेवटचा २ खरवडून कुणीतरी १ केलेला. मी फक्त साल वाचले होते, हत्ती पाहिलाच नव्हता.

आमच्या आजीने घरातले राजाछाप रुपये लेकींच्या लग्नांत एकेक करून सोनाराकडे आटवायला दिले. त्यांत एखादा १९११ चा होता का, हे आता कळणार नाही. तुमच्या घरी एखाद्या डब्यात असा रुपया असेल, तर आटवण्यापूर्वी भिंगाखाली धरा. आधी साल पाहा, मग हत्ती पाहा.