पांढऱ्या डोळ्यांची माशी

पिकलेलं केळं उघडं राहिलं की भोवती बारीक चिलटं जमतात आणि आपण ती पदरानं हाकलतो. तसल्याच फळमाश्या थॉमस हंट मॉर्गन हे शास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दुधाच्या बाटल्यांत, केळं खाऊ घालून पाळत होते.

१९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक नर पांढऱ्या डोळ्यांचा दिसला. त्याची जोडी लाल डोळ्यांच्या माद्यांशी लावली, तर पिल्लं जवळजवळ सगळी लाल डोळ्यांची. आम्हाला वाटलं, संपला तो गुण. पण नातवंडांत तो परत आला. २,४५९ माद्या, सगळ्या लाल डोळ्यांच्या. नरांत १,०११ लाल आणि ७८२ पांढरे. एकेक माशी भिंगातून मोजायची! आपल्या बचत गटाचा हिशेब त्यापुढं काहीच नाही.

नरांतच का? नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ सालीच किड्यांत दाखवलं होतं, की बापाकडून येणारं एक छोटं गुणसूत्र ज्या पिल्लाला मिळतं ते नर होतं. त्याला आज वाय म्हणतात. मादीला दोन एक्स असतात, नराला एक एक्स आणि एक वाय. डोळ्यांच्या रंगाचा गुण एक्सवर असतो. बाप आपलं एक्स फक्त लेकींना देतो. लेकीकडं आईचं लाल गुणाचं एक्सही असतं, म्हणून पांढरा गुण झाकून राहतो. तिच्या मुलाला मात्र झाकायला दुसरं एक्स नाही. ज्याला पांढऱ्या गुणाचं मिळालं, त्याचे डोळे पांढरे. शक्यता निम्मी.

आता पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर घ्या. लेकी लाल, मुलगे पांढरे, हे बाटली उघडण्याआधीच सांगता येतं.

माणसांत हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, असाच चालतो. मुलाला तो निघाला की घरात पहिला बोल सुनेला लागतो. एक्स तिच्याकडूनच आलं, हे खरं. पण तिला कुठून मिळालं? कधी आईकडून, कधी बापाकडून. आणि कधी घराण्यात कुणालाच नसताना तो बदल नव्यानंच होतो, त्या पहिल्या पांढऱ्या नरासारखा.

वडिलांना हिमोफिलिया असेल, तर त्यांची प्रत्येक लेक तो गुण घेऊनच जन्मते, दिसायला निरोगी असली तरी. तिला दिवस गेले की डॉक्टरांना वडिलांच्या आजाराचं आधीच सांगा; बाळंतपणात तिला स्वतःलाही रक्तस्राव जास्त होऊ शकतो.