एस्प्रेसोचा गृहप्रवेश

लग्नाच्या स्वागतसमारंभात मंडपाच्या कोपऱ्यात फुसफुसणारे यंत्र ठेवण्याची प्रथा आपल्याकडे एके काळी फार होती. कॉफीची तयार पूड, साखर व दूध एकत्र करून त्यात वाफ सोडायची, वर कोकोची चिमूट भुरभुरायची आणि त्या पेयास ‘एक्स्प्रेसो’ म्हणायचे, हे वाचकांना ठाऊकच आहे. पेय रुचकर असे. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु इटलीत ज्याला ‘एस्प्रेसो’ म्हणतात ते निराळे. त्यात दूध नसतेच. बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी जोराने दाबून काढलेला तो घोटभर अर्क असतो. आज तो अर्क आणि त्यावरचा दुधाचा फेस घरच्या स्वयंपाकघरात साधू पाहणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. तो तिथवर कोणाच्या श्रमांनी पोहोचला, हे जाणून घेणे अगत्याचे आहे; कारण या इतिहासात श्रेयाची वाटणी नेहमीच न्यायाने झालेली नाही.

एस्प्रेसो या इटालियन शब्दाला तीन छटा आहेत : दाबून काढलेले, झटपट केलेले आणि मागणाऱ्यासाठी खास केलेले. आगगाडीच्या युगाला तिन्ही मानवल्या. १८८४ साली तुरिन शहरातील एक हॉटेलमालक, अँजेलो मोरिओन्दो यांनी वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले आणि त्याच वर्षी तेथील मोठ्या प्रदर्शनात ते मांडले. हे यंत्र एका वेळी पुष्कळ कॉफी करी. मोरिओन्दो यांनी ते विक्रीसाठी काढले नाही, आणि पुढील पिढ्या त्यांचे नाव जवळजवळ विसरून गेल्या. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेत्सेरा यांनी एकेक पेला स्वतंत्रपणे भरून देणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. देसिदेरियो पावोनी यांनी ते विकत घेऊन यंत्रांचे उत्पादन सुरू केले आणि यंत्राबरोबर पावोनी हेच नाव दुमदुमू लागले.

या यंत्रांत एक उणीव होती. वाफेचा दाब जेमतेम दीड बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीडपट असे. शिवाय तप्त वाफेने कॉफी करपे. ही अडचण मिलानच्याच अकिल्ले गाज्जा यांनी सोडविली. त्यांनी पहिले एकस्व १९३८ साली मागितले. मध्यंतरी महायुद्ध झाले. आणि १९४७ साली त्यांची तरफेची युक्ती सिद्ध झाली. त्यांनी वाफेला बाजूस सारून गरम पाणीच दट्ट्याने कॉफीतून ढकलले. दाब नऊ बारच्या आसपास गेला आणि पेयावर प्रथमच सोनेरी-तपकिरी साय धरली. गिऱ्हाइकांना ती आधी संशयास्पद वाटली. आज ती ‘क्रेमा’ नसेल तर इटालियन माणूस पेला परत पाठवील.

मात्र हे सारे चौकातल्या बारमध्ये घडत होते. यंत्रे अवजड व महाग होती. घरी गृहिणीच्या वाट्याला उलटे करून गाळण्याचे नापोलीचे भांडे होते. या घरात नवी कॉफी नेली ती अल्फोन्सो बियालेत्ती यांनी. फ्रान्समध्ये अॅल्युमिनियमच्या ओतकामाचे शिक्षण घेऊन ते पहिल्या महायुद्धानंतर उत्तर इटलीतील आपल्या क्रुझिनाल्लो गावी परतले आणि १९३३ साली त्यांनी ‘मोका’ नावाचे अष्टकोनी भांडे केले. खालच्या कप्प्यात पाणी, मधल्या गाळणीत कॉफी, वर रिकामा कप्पा. आचेवर ठेवताच खालच्या हवेचा व वाफेचा दाब वाढतो आणि पाणी कॉफीतून वर चढते. कपडे उकळण्याच्या भांड्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगतात. दाब फार तर दोन बार. तेव्हा काटेकोर अर्थाने ही एस्प्रेसो नव्हे. पण गरिबाच्या चुलीवर ती रोज होऊ शकली, हे तिचे मोल.

अल्फोन्सो आपली भांडी आसपासच्या बाजारांत विकत. युद्धानंतर त्यांचे चिरंजीव रेनातो यांनी मिशाळ माणसाचे चित्र छापून मोका देशभर नेली. २०१६ च्या फेब्रुवारीत वयाच्या ९३ व्या वर्षी रेनातो वारले, तेव्हा त्यांची रक्षा मोकाच्याच आकाराच्या मोठ्या पात्रात ठेवून चर्चमध्ये अंत्यविधी करण्यात आला. काहींना हे विचित्र वाटेल. आम्हाला त्यात एका कारागिराच्या मुलाची आपल्या कामावरील निष्ठा दिसते.

दट्ट्याचे खरे यंत्रही पुढे घरात आले. १९६१ साली पावोनी यांच्या कंपनीने हाताने तरफ दाबण्याचे छोटे यंत्र बाजारात आणले, आणि त्याला वाफेची नळीही होती. त्या नळीने घरात दुधाचा फेस करता येई.

हा फेस म्हणजे केवळ बुडबुडे नव्हेत. दुधातील प्रथिने हवेच्या प्रत्येक कणाभोवती पातळ पडदा धरतात. म्हणून दूध थंडगार घ्यावे, म्हणजे हवा मिसळण्यास अवधी मिळतो. नळीचे टोक प्रथम पृष्ठभागाशी धरून हवा घ्यावी. मग ते किंचित बुडवून दूध भोवऱ्यासारखे फिरू द्यावे, म्हणजे मोठे बुडबुडे मोडून मऊ, चकचकीत फेस होतो. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे जाऊ नये. सत्तरीनंतर दुधाला उकळल्याची चव येते व गोडवा लपतो. नळी नसेल तर गरम दूध रवीने घुसळावे. फेस जाडाभरडा येतो, पण येतो. इटलीतील एस्प्रेसो संस्थेचे प्रमाण असे : सात ग्रॅम कॉफी, नऊ बार दाब, पंचवीस सेकंद, पंचवीस मिलिलिटर अर्क. शंभर मिलिलिटर थंड दुधाचा फेस करून तो या अर्कावर ओतला की कापुचीनो झाली.

कापुचीनो म्हणताच आपल्या मंडळींना कपुचिन संन्यासी आठवतात, आणि ते योग्यच आहे. असिसीकर संत फ्रान्सिसच्या परंपरेतील या शाखेला १५२८ साली पोप सातवे क्लेमंट यांनी मान्यता दिली. त्यांच्या टोकदार शिरोवेष्टनावरून त्यांचे नाव पडले, आणि त्यांच्या तपकिरी झग्याच्या रंगावरून व्हिएन्नात दूध घातलेल्या कॉफीला ‘कापुत्सिनर’ म्हणू लागले. पुढे इटलीतील पेयालाही तेच नाव चिकटले. इथवर इतिहास आहे.

यापुढे दंतकथा सुरू होते. १६८३ साली तुर्कांचा वेढा उठल्यावर त्यांनी मागे टाकलेल्या कॉफीत आव्हियानोचे फादर मार्को यांनी दूध व मध घालून हे पेय निर्माण केले, असे सांगितले जाते. आम्हा धर्मगुरूंना ही गोष्ट सांगायला आवडते. पण समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही. आणि वाफेच्या यंत्रावाचून आजची कापुचीनो होणे शक्यही नव्हते. फादर मार्को हे नामांकित प्रवचनकार व सम्राट लिओपोल्ड यांचे सल्लागार होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २७ एप्रिल २००३ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले, ते त्यांच्या पवित्र जीवनासाठी. कॉफीच्या पेल्यात त्यांना बुडविले की त्यांचे खरे मोठेपण झाकले जाते आणि तुरिनच्या हॉटेलमालकाचे, क्रुझिनाल्लोच्या ओतारीचे श्रेयही हिरावले जाते.

ज्याचे त्याला देणे हाच न्याय, असे सेमिनरीत आम्ही शिकलो. तो मालमत्तेपुरता मर्यादित नाही. स्मृतीलाही लागू आहे. गोष्ट गोष्ट म्हणून अवश्य सांगावी. मात्र घरी मुलाबाळांसाठी दूध फेसाळताना त्यांना मोरिओन्दो, बेत्सेरा, गाज्जा आणि बियालेत्ती ही चार नावेही सांगावीत. त्यांनी कष्ट केले म्हणून बारमधला तो घोट आपल्या ओट्यावर आला.