बिडी कोणाची, मजूर कोणाचा?



आपल्या घरांतली मुलं आता पुण्या-बंगलोरच्या कंपन्यांत आहेत. सुट्टीत आली की त्यांच्या बोलण्यात ‘सप्लायर कोड’ हा शब्द येतो. म्हणजे काय, तर कंपनी ज्याच्याकडून माल घेते त्यानेही मजुराला पूर्ण मजुरी द्यावी, लहान पोरांना कामाला लावू नये, अशी अट. मुलांना हे नवं वाटतं. पण हा प्रश्न आपल्या बालाघाट-गोंदिया-भंडारा पट्ट्यात फार जुना आहे, आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलेला आहे. बिडीच्या निमित्ताने. म्हणून हे लिहितो आहे.

आधी धंद्याची रीत सांगतो. पान आपल्या जंगलातलं, तेंदूचं. एप्रिल-मे महिन्यांत, उन्हं चढायच्या आत, अख्खं घर पान तोडायला निघतं. दुपारी दारात बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडावर मोजून द्यायचे. आपल्याकडे पुडा 50 पानांचा, महाराष्ट्रात 70 चा. 1000 पुड्यांचा एक मानक बोरा. तंबाखू बाहेरून येतो. कारखानदार पान, तंबाखू आणि सूत सट्टेदाराला देतो. सट्टेदार ते गावातल्या घरोघरी वाटतो. बाया पान भिजवतात, फर्म्यावर कापतात, बिडी वळतात. हजारी हिशेबाने मजुरी. तयार माल सट्टेदारामार्फत परत कारखान्यात. तिथे शेकून, कट्टे बांधून, वर छाप लागतो.

यात खोच अशी की छाप कारखानदाराचा, कच्चा माल कारखानदाराचा, पण वळणारी बाई कोणाची? कारखानदार म्हणे सट्टेदाराची. सट्टेदार म्हणे, मी तर नुसता कमिशनवाला. पान कमी भरलं तर भरपाई बाईने करायची. बिडी पसंत नाही पडली तर ती ‘छाट’. तिची मजुरी नाही.

माझी नोकरी बँकेत गेली. बिडीवाल्यांच्या कॅश क्रेडिटच्या फायली हाताखालून गेल्या आहेत. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये गोदामातलं पान किती बोरे, तंबाखू किती, तयार माल किती आणि सट्टेदारांकडे पडलेला माल किती, हे सगळं रुपया-पैशात लिहिलेलं असे. गावोगाव विखुरलेलं पान आणि तंबाखू मालकाच्या ताळेबंदात मालकाचीच संपत्ती. पण त्याच झोपडीत बसून तेच पान कापणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हे फार सूचक वाटत आलं आहे.

सरकारचं लक्ष या धंद्याकडे आधी गेलं ते मजुरासाठी नव्हे. 1948 साली, आपली राजधानी नागपूर असताना, मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने कायदा केला की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी वळायची नाही, कारण शेतीला माणूस मिळत नाही. सागर जिल्ह्यातला एक कारखानदार आणि एक कामगार सुप्रीम कोर्टात गेले. 1950 मध्ये कोर्टाने ही बंदी रद्द केली. सरसकट बंदी ही धंद्याच्या स्वातंत्र्यावर वाजवीपेक्षा जास्त बंधन आहे, असं ठरलं. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. ‘चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश सरकार’ हा खटला वकिलीची मुलं आजही शिकतात.

दुसरा खटला 1958 चा, त्याच नावाने. कारखान्याच्या हजेरीपुस्तकात सट्टेदारांची नावं नाहीत म्हणून फॅक्टरी कायद्याखाली मालकाला शिक्षा झाली होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार आहे, कारखान्याचा कामगार नाही. मालक सुटला. 1961 मध्ये नागपूरच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात कोर्टाने कारखान्यात बसून वळणाऱ्यांना कामगार मानलं. घरी बसून वळणारीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मग 1966 साली संसदेने बिडी-सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. माझ्या मते तोच आपल्या भागाचा खरा ‘सप्लायर कोड’. त्यात ‘प्रिन्सिपल एम्प्लॉयर’, म्हणजे मूळ मालक, असा शब्द आला. ठेकेदार मध्ये असला तरी ज्याच्यासाठी काम चालतं तो जबाबदारीतून सुटत नाही. पगारी रजा आली. कच्चा माल किती द्यायचा, छाट किती काढायची, छाटीची मजुरी द्यायची की नाही, या भांडणांनाही दाद मागायची जागा झाली. बिडीवाल्यांनी आव्हान दिलं, पण 1974 मध्ये ‘मंगळूर गणेश बिडी वर्क्स’च्या खटल्यात कोर्टाने कायदा कायम केला. 1977 पासून धंद्याला प्रॉव्हिडंट फंड लागला. 1985 मध्ये घरी बसून वळणारीही त्यात येते, असा निकाल झाला. 1976 च्या कायद्यांनी बिडीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून दवाखाने, घरकुलं, मुलांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

पानाच्या टोकालाही हेच घडलं. मध्यप्रदेशाने 1964 मध्ये तेंदूपानाचा व्यापार सरकारी ताब्यात घेतला, महाराष्ट्राने 1969 मध्ये. तरी ठेकेदार काही लगेच गेले नाहीत. 1984 मध्ये आपल्या राज्यात लघु वनोपज संघ झाला आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी पान तोडणाऱ्यांच्या प्राथमिक समित्यांकडे काम गेलं. पुढे नफ्यातला वाटा बोनस म्हणून तोडणाऱ्याला मिळू लागला. पान तेच, झाड तेच, पण तोडणाऱ्याचं नाव कार्डावर चढलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. बिडीच्या पैशातून या भागात शाळा-कॉलेजं उभी राहिली. गोंदियाचे मनोहरभाई पटेल स्वतः बिडी धंद्यातले. त्यांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली. बालाघाटची कितीतरी मुलं छोट्या लाईनच्या गाडीने गोंदियाला जाऊन शिकली. हे ऋण मी मानतो. आज 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं आहे. त्या काळी अशी सक्ती नव्हती.

पण दान आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मजुरी, फंड, रजा ही देणी, ती नफा काढायच्या आधी वजा होतात. शाळा, दवाखाना हे नफ्यातून. देणं थकवून केलेलं दान वहीत कितीही शोभलं तरी हिशेब जुळत नाही. भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत निदान फाटक होतं, हजेरी होती. खाणीत उतरणारा माणूस मोजला जाई. बिडीच्या बाईचं फाटक म्हणजे तिच्याच घराची चौकट. म्हणून तिला मोजायला कायदा लागला.

तोही पुरा पडला असं नाही. स्वतःच माल विकत घेऊन वळणाऱ्याला कायद्यातून सूट होती, आणि हीच पळवाट झाली. कागदावर बाईला पान-तंबाखू ‘विकायचं’ आणि बिडी ‘विकत घ्यायची’, म्हणजे ती मजूर राहतच नाही! बाहेरच्या जगालाही हे दिसत होतं. 1999 मध्ये अमेरिकेच्या कस्टमने बालमजुरीच्या कारणावरून एका भारतीय कंपनीची बिडी अडवली. 2017 मध्ये जीएसटी आला आणि बिडीवरचा उपकर गेला. कल्याण योजना आता सरकारी बजेटवर चालतात. 1966 चा कायदाही 2020 च्या श्रमसंहितेत विलीन केला गेला. बिडी स्वतः छातीला वाईट, तिचा खप वाढावा असं मी कशाला म्हणू? पण धंदा आटताना सगळ्यात आधी वळणाऱ्या बाईचं काम जातं आणि तिच्या हातात उरतो तो फक्त कागद.

म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट. वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूर भागात आपल्या ओळखीच्या, शेजारच्या, घरी कामाला येणाऱ्या कितीतरी मावश्यांनी तीस-तीस वर्षं बिडी वळली आहे. कोणाच्या पेटीत जुनं बिडी कार्ड, मजुरीचं पासबुक किंवा फंडाची चिठ्ठी असेल तर ती टाकून देऊ नका म्हणावं. फंडाचा नंबर सापडला तर पेन्शनची चौकशी करता येते. नातवंडांच्या शिष्यवृत्तीसाठीही ते कार्ड लागतं. अर्ज भरायला त्यांना जमत नाही. आपल्यापैकी ज्यांची नोकरी कागदांत गेली, त्यांना तेवढं नक्की जमेल. माझ्या घरी दुपारी चारनंतर कोणालाही कागद घेऊन पाठवा.