पालघर किनाऱ्यावरील शाळा आणि कामातून शिक्षण

बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला, समुद्रकाठी मुरबे, नांदगाव, आलेवाडी, नवापूर, दांडी, उच्छेळी ही गावे आहेत. त्यांच्या उत्तरेला तारापूर आणि चिंचणी, दक्षिणेला खाडीपलीकडे सातपाटी. किनाऱ्यालगतची बरीचशी वस्ती मांगेला, भंडारी आणि इतर मच्छीमार समाजांची. आतल्या बाजूला भात, वाड्या आणि त्याहून आत वारली पाडे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. या पट्ट्यात मुलाला काम लवकर हाती घ्यावे लागे. वडील होडीवर, आई बाजारात किंवा सुकवणीच्या वाळूवर, आणि धाकटे भावंड मोठ्या बहिणीच्या कडेवर. त्यामुळे इथल्या शिक्षणापुढे आरंभापासून एक प्रश्न उभा राहिला: मूल आधीच जे काम करते, त्याचे शाळेने काय करायचे?

माध्यमिक शिक्षणाची पहिली भक्कम जागा डहाणू तालुक्यात, बोर्डीला झाली. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि १९२० मध्ये तिने बोर्डीला हायस्कूल सुरू केले. सुनाबाई पेस्तनजी हकीमजी यांच्या नावाने ते ओळखले जाते. शहरापासून दूर, चिकूच्या आणि ताडाच्या गावी हायस्कूल काढणे हाच त्या काळी धाडसाचा निर्णय होता. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची, तिचा अभ्यासक्रम इंग्रजी, गणित आणि अभिजात भाषा यांभोवती फिरणारा. पण आचार्य शंकर रामचंद्र भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी शाळेचे काम वर्गाच्या चार भिंतींत थांबू दिले नाही. गाव आणि आसपासचे आदिवासी पाडे हेही त्यांनी शाळेचेच क्षेत्र मानले. पुढे बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने ठाणे जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या आदिवासी सेवा मंडळाच्या कामाशीही बोर्डीचे हे नाते जुळले.

स्वातंत्र्यलढ्याने शाळा आणि गाव यांचे नाते आणखी घट्ट केले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरबेचे रामचंद्र महादेव चुरी, सालवडचे सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी. नांदगाव आणि मुरबे ही तर बोईसरच्या पश्चिमेच्या याच किनाऱ्यावरची गावे. या भागातल्या शाळांत चौदा ऑगस्टला पिढ्यानपिढ्या हीच नावे घेतली जातात. स्थानिक इतिहासाचा पहिला धडा मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर मिळतो तो इथे.

कामातून शिक्षण हा विचार सरकारी धोरणात आला १९३७ नंतर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण रचण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. मुंबई प्रांतात खेरांच्या मंत्रिमंडळाने ती काही निवडक भागांत लागू केली. मुलांच्या हाती टकळी आली, सूतकताई वेळापत्रकात शिरली. मराठीत याला मूलोद्योग शिक्षण म्हणत. योजना पुढे विरली, पण तिची आठवण देणारे ‘जीवन शिक्षण’ हे शब्द महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांच्या पाट्यांवर अजून वाचायला मिळतात. तिची अडचण तत्त्वात नव्हती. कापूस न पिकणाऱ्या, जाळी विणणाऱ्या गावातही उद्योग म्हणून बहुधा सूतच पुढे ठेवले गेले, आणि जो उद्योग घरात नाही तो शाळेत कवायतीसारखा उरतो.

ही उणीव सर्वांत नेमकी ओळखली ती ताराबाई मोडकांनी. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला नूतन बालशिक्षण संघ उभारलेल्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. त्यांच्या ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम १९५७ मध्ये जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर या दोघींनी मुलांच्या दिनक्रमात शोधले. मुलगी येत नाही, कारण तिला धाकट्याला सांभाळायचे असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. मुलगा येत नाही, कारण तो गुरे राखतो. म्हणून शिक्षकच कुरणात गेले. या कुरणशाळेत गुरे चरत असताना पाने, बिया, खडे यांच्या साह्याने मोजणी आणि ओळख शिकवली जाई. अंगणात भरणारी बालवाडी म्हणजे अंगणवाडी. हे नाव पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर गेले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. कोसबाडचे काम लहान मुलांचे असले तरी माध्यमिक शाळांनी त्यातून घ्यावे असे खूप होते. मुलाचे काम ही शिक्षणातली अडचण नसून शिक्षणाची सुरुवात आहे, हे इतक्या स्वच्छपणे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी करून दाखवले गेले. त्याच टेकडीवर शेतीशिक्षणही वाढले आणि १९७६ मध्ये कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले.

शेतीला अशी जागा मिळाली, तशी समुद्राला मिळाली नाही. नवापूर किंवा सातपाटीचा दहा-बारा वर्षांचा मुलगा भरती-ओहोटीची वेळ चंद्राच्या तिथीवरून सांगतो, वाऱ्याच्या दिशेवरून जाळे टाकायचे की नाही ते ठरवणाऱ्यांच्या बोलण्यात वाढतो, आणि जाळ्याचे फाटलेले आस विणायला शिकतो. मुली बोंबील वाळत घालणे, मासळीची प्रतवारी आणि बाजारातला हिशेब शिकतात. भूगोल, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र आणि अंकगणित यांचा हा चालता-बोलता साठा. तरीही दहावीपर्यंतच्या अभ्यासक्रमात मासेमारीला शेतीसारखे स्थान कधी लाभले नाही. सातपाटीला मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रशिक्षण केंद्र झाले आणि तिथे तरुणांना नौकानयन, यंत्रांची देखभाल, सुधारित जाळी यांचे शिक्षण मिळू लागले. यांत्रिक होड्यांच्या प्रसारात आणि सहकारी संस्थांच्या उभारणीत सातपाटीने जी आघाडी घेतली, तिला अशा शिक्षणाचा आधार होता. मात्र ते शाळा सुटल्यानंतरचे शिक्षण होते. वर्गात बसलेल्या मुलाला त्याचे घरचे ज्ञान हे ज्ञान आहे, असे सांगणारे फारसे कोणी नव्हते.

दरम्यान परिसरच बदलला. तारापूरच्या अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. देशातले हे पहिले अणुविद्युत केंद्र. त्याच वर्षी अणुऊर्जा शिक्षण संस्था स्थापन झाली आणि केंद्राच्या वसाहतीत तिच्या शाळा आल्या. पुढे बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत वाढत गेली आणि हजाराहून अधिक कारखाने उभे राहिले. रसायने, औषधे, कापड, पोलाद. किनाऱ्यावरच्या पालकांच्या मनात ‘हाताला काम’ याचा अर्थ आता फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असा झाला. दहावीनंतर आयटीआय ही वाट रुळली. अणुकेंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. नव्या उद्योगाचा हा दुसरा चेहराही मुलांनी पाहिला.

याच काळात राज्याच्या शिक्षणाचा आकृतिबंध बदलला. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली होती. महाराष्ट्रात १०+२+३ रचना आली आणि दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवले. शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभव आणि समाजसेवा हे तास आले. त्यांना गुण नव्हते, श्रेणी होती, आणि परीक्षेच्या वर्षी श्रेणीच्या तासाला गणिताचा जादा वर्ग होणे ठरलेलेच. खडू, मेणबत्त्या, कागदी फुले यांपलीकडे अनेक ठिकाणी मजल गेली नाही.

याला खरे उत्तर मिळाले पुणे जिल्ह्यातल्या पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही कामे करतात. मुख्य गोष्ट अशी की काम गावाच्या गरजेचे असते: कुणाचे फाटक जोडायचे, कुणाच्या मातीची तपासणी करायची. लोक त्याचे पैसे देतात, म्हणून ते नीट करावेच लागते. राज्याच्या शालान्त मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली.

किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यांना स्वतःचे काम मांडायला मंच मिळाला तो विज्ञान प्रदर्शनांचा. राष्ट्रीय पातळीवरची प्रदर्शने १९७१ पासून भरू लागली. तालुक्यापासून देशपातळीपर्यंत जाणारी ही साखळी झाल्याने लहान गावातल्या शाळेचा प्रकल्पही जिल्ह्यात पोहोचू शकला. १९८१ मध्ये होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, १९९३ मध्ये राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. बालविज्ञान परिषदेत मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन मोजमाप करावे अशी अट असते.

नवापूरला तसा प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीतून नवापूरच्याच समुद्रात सोडले जाते. मासळी घटल्याची, खाडी बिघडल्याची तक्रार मच्छीमारांनी वर्षानुवर्षे केली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषणाबद्दल भरपाईचा आदेश दिला. याच सुमारास, २०२० मध्ये, राज्य मंडळाने नववीला ‘जलसुरक्षा’ हा श्रेणी विषय आणला. त्यात पाण्याची गुणवत्ता, प्रदूषण, जलस्रोतांचे व्यवस्थापन हे घटक असून परिसरातील पाण्याचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि प्रकल्प अपेक्षित आहे. सामू मोजण्याची पट्टी, नोंदवही आणि ओहोटीला मोकळा झालेला किनारा एवढ्या साहित्यावर त्यातला बराच भाग नवापूर-दांडीच्या वाळूत पुरा होऊ शकतो, आणि भरतीची वेळ सांगायला वर्गात मच्छीमारांची मुले असतात.